स्पायडर व्हेन्सवरील उपचारसेवा : मांडी, घोटा, नाक आणि छाती यांचा हिशेब वेगवेगळा

त्वचेच्या अगदी वरच्या थरात लाल, निळ्या किंवा जांभळ्या रेषांचे जे बारीक जाळे दिसते, त्याला आपण स्पायडर व्हेन्स म्हणतो. या रक्तवाहिन्यांची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी असते. एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या, त्वचेखालून हिरवट-निळ्या दिसणाऱ्या शिरांना रेटिक्युलर व्हेन्स हे नाव आहे, आणि तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड, उभे राहिल्यावर फुगून वर येणाऱ्या शिरा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. माझ्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या आतल्या अंगाला, एका घोट्याजवळ, नाकपुड्यांच्या कडेला आणि गळ्याखाली छातीवर अशा वेगवेगळ्या जागी या रेषा होत्या, त्यामुळे वरवर एकच वाटणाऱ्या तक्रारीकडे डॉक्टर प्रत्येक जागी किती निराळ्या नजरेने पाहतात, हे मला एकाच उपचारकेंद्रात पाहायला मिळाले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. केंद्राचे नाव मुद्दाम दिलेले नाही. कुठेही उपचार घेणाऱ्याला स्वतः पडताळून पाहता येतील अशाच गोष्टींवर भर दिला आहे.

माझे मत आधीच स्पष्ट सांगते. शरीराच्या प्रत्येक भागासाठी एकच उपचार सुचवणाऱ्या ठिकाणी या कामासाठी जाऊ नये. पायावरच्या रेषेमागे अनेकदा शिरांमधला वाढलेला दाब असतो, नाकावरच्या रेषेमागे बहुधा ऊन किंवा रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा त्वचेचा आजार) असतो, आणि छातीवरचा लाल ठिपका तर मुळात शिरेतून निघतच नाही, तो एका बारीक धमनीतून निघतो. कारणे इतकी वेगळी असताना उपचार एकच कसा असेल? या केंद्रात येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. तेथे डॉक्टरांची भेट होण्याआधीच, माझे पाय कोणीही पाहिलेले नसताना, स्वागतकक्षातूनच लेसरच्या ठरावीक सत्रांचे पॅकेज पुढे करण्यात आले. जिथे तपासणीच्या आधी विक्री होते, तिथे रुग्णाची त्वचा कोणी नीट पाहील असा भरवसा मला वाटला नाही.

ज्या केंद्राबद्दल लिहीत आहे, तेथील पहिली भेट जवळजवळ पूर्णपणे तपासणीत गेली आणि त्या भेटीत उपचार केला गेला नाही. याबद्दल मी त्यांना सर्वांत जास्त गुण देते. डॉक्टरांनी घरात कोणाला व्हेरिकोज व्हेन्स आहेत का, गरोदरपणात पाय सुजत होते का, गर्भनिरोधक गोळ्या किंवा इतर हार्मोन्स सुरू आहेत का, पूर्वी कधी पायात रक्ताची गुठळी झाली होती का, अर्धशिशीचा त्रास आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का, असे एकेक प्रश्न विचारले आणि उत्तरे स्वतः लिहून घेतली. त्यानंतर पाय उभ्याने तपासले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण झोपल्यावर पायांतल्या शिरा रिकाम्या होतात आणि ज्या शिरेमुळे त्रास आहे तीच नजरेआड जाते. पावलावरची नाडी चाचपून पाहिली. नंतर घट्ट स्टॉकिंग्ज घालायचे असतील तर पायाचा धमनीतला रक्तपुरवठा चांगला असल्याची खात्री करावी लागते, हे कारण त्यांनी न विचारता सांगितले. शेवटी प्रत्येक जागेचे एकाच प्रकाशात आणि एकाच अंतरावरून फोटो काढले. रेषा हळूहळू फिक्या होत गेल्या की मूळ रूप आपल्याला आठवत नाही, त्यामुळे या फोटोंवाचून फरक पडला की नाही हे प्रामाणिकपणे सांगताच येत नाही.

घोट्याची जागा पाहिल्यावर मात्र त्यांनी बाकी सारे बाजूला ठेवले. घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक निळ्या-लाल शिरा ही केवळ दिसण्याची बाब मानली जात नाही. वैद्यकशास्त्रात तिला कोरोना फ्लेबेक्टॅटिका म्हणतात, आणि पायाच्या मोठ्या शिरांमधल्या झडपा गळू लागल्याचे ते चिन्ह असू शकते. शिरांच्या आजारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सीईएपी वर्गीकरणात साध्या स्पायडर व्हेन्स सी-१ या खालच्या पायरीवर येतात; २०२० मध्ये या वर्गीकरणात सुधारणा झाली तेव्हा घोट्याजवळच्या या जाळ्याला सी-४ या गटात, म्हणजे त्वचेत बदल घडवणाऱ्या पुढच्या टप्प्यात, स्वतंत्र स्थान देण्यात आले. दिसायला दोन्ही सारख्याच बारीक रेषा, पण एक बहुधा निरुपद्रवी आणि दुसरी पुढे पायाचा रंग काळवंडण्याची व कधी जखम होण्याची पूर्वसूचना ठरू शकणारी.

म्हणून डॉपलर सोनोग्राफी झाली. मला उभे करून, त्या पायावरचा भार कमी करून, डॉक्टर मांडीच्या शिरेवर प्रोब धरत आणि पोटरी दाबून सोडत. दाबल्यावर रक्त वर सरकते, आणि सोडल्यावर झडपा शाबूत असतील तर ते तिथेच थांबते; झडप गळकी असेल तर ते मागे येते आणि पडद्यावर उलट दिशेचा आलेख उमटतो. त्वचेलगतच्या शिरांमध्ये हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा अधिक टिकला तर तो दोष मानतात. माझ्या बाबतीत तसा दोष निघाला नाही, पण निघाला असता तर आधी त्या मोठ्या शिरेवर उपचार करावा लागला असता. वरून दाब तसाच येत राहिला तर खालच्या बारीक शिरा बुजवून उपयोग नसतो, त्या पुन्हा भरतात किंवा शेजारी नव्या उगवतात. पाय जड वाटणे, संध्याकाळी सूज येणे, रात्री वांब येणे किंवा घोट्याजवळ जाळे असणे, यांपैकी काहीही असताना सोनोग्राफीशिवाय थेट सुई किंवा लेसर सुरू करणाऱ्या केंद्राला नकार द्यावा, असे माझे ठाम म्हणणे आहे.

पायांसाठी त्यांनी स्क्लेरोथेरपी, म्हणजे शिरेत औषध टोचून ती बंद करण्याची पद्धत, निवडली आणि लेसर का नको हेही समजावले. पायातल्या शिरा चेहऱ्यापेक्षा खोल असतात, त्यांच्या भिंती जाड असतात, आणि उभे राहिल्यावर त्यांच्यावर रक्ताच्या साऱ्या स्तंभाचा दाब येतो. त्यामुळे लेसरला तेथे अधिक ऊर्जा लागते, दुखते जास्त आणि परिणाम कमी भरवशाचा असतो. पायांवर लेसरचा उपयोग मुख्यतः सुई शिरू शकणार नाही इतक्या बारीक लाल रेषांसाठी, सुईची अतिशय भीती असणाऱ्यांसाठी किंवा औषधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी राहतो. यंत्र दारात उभे असूनही त्याचा आग्रह न धरणारे डॉक्टर मला विश्वासाचे वाटले.

स्क्लेरोथेरपीत शिरेमध्ये असे औषध सोडतात, जे तिच्या आतल्या अस्तराला इजा करते. अस्तर सुजते, भिंती एकमेकींना चिकटतात, शीर बंद होऊन तंतुमय होते आणि शरीर ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शोषून घेते. रक्ताला परतायला इतर असंख्य वाटा असल्याने ती शीर गेल्याने काही अडत नाही. माझ्यासाठी पॉलिडोकॅनॉल वापरले. हे औषध मूळचे जागा बधिर करण्यासाठी तयार झाले होते, त्यामुळे टोचताना फारसे झोंबत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने शिरांवरील या उपयोगासाठी त्याला २०१० मध्ये मान्यता दिली. स्पायडर व्हेन्ससाठी ०.५ टक्के आणि रेटिक्युलर व्हेन्ससाठी १ टक्का अशी त्याची तीव्रता ठरलेली आहे. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे त्याहून जुने आणि अधिक प्रखर औषध आहे, म्हणून बारीक शिरांसाठी ते खूप पातळ करून वापरावे लागते. काही ठिकाणी अजून तीव्र मिठाचे द्रावण टोचतात. त्याने ॲलर्जी होत नाही हे खरे, पण ते आग करते, पोटरीत वांब आणते आणि शिरेबाहेर सांडले तर त्वचेवर जखम करू शकते. आपल्याला कोणते औषध, किती तीव्रतेचे दिले जाणार आहे, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे, आणि या केंद्रात ते मला संमतिपत्रावर लिहून मिळाले.

टोचण्याचे काम मी जवळून पाहिले. सुई तीस गेजची, म्हणजे अगदी बारीक. तिचे टोक किंचित वाकवून ती त्वचेला जवळजवळ समांतर धरली जाते. डॉक्टरांच्या डोळ्यांवर भिंग होते आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्यांनी त्वचा ताणून धरली होती. औषध आत जाताच लाल रेषा सुईच्या टोकापासून पुढे पुढे पांढरी होत जाते आणि तिच्या फांद्याही क्षणभर पुसल्यासारख्या दिसतात. जिथे रेषा पांढरी न होता त्वचाच फुगू लागली, तिथे त्यांनी लगेच हात थांबवला, कारण औषध शिरेबाहेर जात असल्याची ती खूण होती. काही मिनिटांत टोचलेल्या जागी डास चावल्यासारख्या गाठी उठल्या, खाज सुटली आणि त्या दिवसाअखेरीस बसल्या. वेदना म्हणावी तर ती मांडीवर नगण्य होती. घोट्याच्या वरच्या भागात मात्र जाणवली.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला त्यांनी आधी लाल रेषांना हातच लावला नाही. त्या भागात त्वचेखाली हिरवट रेटिक्युलर शिरांचे एक जुने जाळे असते, आणि वरच्या लाल फांद्यांना बहुधा तेथूनच रक्त मिळते. आधी ती पुरवठा करणारी शीर शोधून तिच्यात औषध सोडले. त्यातूनच अनेक लाल फांद्यांमध्ये ते आपोआप पोहोचले, आणि उरलेल्यांसाठी पुढच्या सत्राची वाट पाहिली. या क्रमामुळे सुया कमी लागल्या आणि माझ्या मते मांडीवरचा निकालही म्हणूनच सर्वांत चांगला आला. दोन सत्रांमध्ये साधारण चार ते सहा आठवड्यांचे अंतर ठेवतात. आधीच्या सत्राचा परिणाम पूर्ण दिसल्याशिवाय त्याच जागी पुन्हा टोचू नये, हा त्यामागचा विचार आहे. लवकर लवकर सत्रे उरकण्याचा आग्रह धरणाऱ्यांपासून सावध राहावे.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अनुभव तितका सुखाचा नाही. तेथे मूळ रेषा गेल्या, पण त्यांच्या जागी अतिशय बारीक, लालसर, धुरकट दिसणारे नवे जाळे उमटले. याला मॅटिंग म्हणतात, आणि मांडी व गुडघ्याच्या आतल्या भागात ते विशेष दिसते. औषध जास्त तीव्र असणे, टोचताना दाब जास्त देणे किंवा पुरवठा करणारी शीर उपचाराविना राहणे, यांमुळे त्याची शक्यता वाढते. हार्मोन्सचाही त्याच्याशी संबंध जोडला जातो. बहुतेकांमध्ये ते काही महिन्यांत आपोआप विरते. डॉक्टरांनी ही शक्यता आधी तोंडी सांगितली होती आणि संमतिपत्रातही ती होती, म्हणून याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती फोनवर मिळालेल्या उत्तराची. मी काळजीने विचारणा केली तेव्हा केंद्रातील कर्मचाऱ्याने फोटोही न मागवता आणखी एक सत्र घेण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्ष भेटीत डॉक्टरांनी नेमके उलटे, म्हणजे थांबण्यास सांगितले, आणि तेच योग्य होते. दवाखान्यातील कर्मचारी आणि डॉक्टर यांच्या सांगण्यात असा फरक असणे ही या सेवेतील गंभीर उणीव आहे, कारण घाबरलेला रुग्ण पहिले उत्तरच खरे मानतो.

दुसरी गोष्ट डागांची. शीर बंद झाल्यावर तिच्यातून झिरपलेल्या रक्तातील लोह त्वचेत साठते आणि शिरेच्या मार्गाने तपकिरी रेषा राहते. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर तिच्यात त्वचेच्या स्वतःच्या रंगद्रव्याचीही भर पडू शकते. बहुतेकांमध्ये हा डाग सहा ते बारा महिन्यांत फिका होतो, क्वचित तो त्याहून जास्त टिकतो. काही ठिकाणी बंद झालेल्या शिरेत रक्त साकळून निळी, दुखरी गाठ राहते. ती बारीक सुईने टोचून रिकामी केली तर दुखणे थांबते आणि डागही कमी पडतो. माझ्या मांडीवर अशी एक गाठ आली होती आणि ती त्यांनी पुढच्या भेटीत काढून दिली. हा तपासणीचा टप्पा ज्या केंद्रात नसतो, तेथे उपचार अर्धाच होतो असे मी म्हणेन.

आता चेहरा. येथे सुईचे नाव काढताच डॉक्टरांनी मान हलवली. चेहऱ्यावरच्या शिरांचा डोळ्याच्या आणि मेंदूलगतच्या शिरांशी थेट संबंध असतो, त्यामुळे तेथे टोचलेले औषध भलतीकडे गेले तर दृष्टीला धोका पोहोचू शकतो. म्हणून चेहऱ्यासाठी लेसर किंवा प्रखर प्रकाशाचे उपचारच पसंत केले जातात. सुदैवाने लेसरचा खरा गुण चेहऱ्यावरच दिसतो: शिरा वर असतात, बारीक असतात आणि त्यांच्यावर पायासारखा दाब नसतो.

या लेसरमागचे तत्त्व रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडले. प्रकाशाची तरंगलांबी अशी निवडायची की तो रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये शोषला जाईल, आणि तो इतक्या थोड्या वेळासाठी सोडायचा की शीर तापेल पण आजूबाजूची त्वचा तापायच्या आत प्रकाश थांबेल. यासाठी ५३२ नॅनोमीटरचा केटीपी, ५९५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय आणि १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग असे लेसर वापरतात. आयपीएल (प्रखर प्रकाशाचे झटके) हे मात्र लेसर नाही, त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो. अडचण अशी की त्वचेचा रंग ठरवणारे मेलॅनिनही हाच प्रकाश शोषते, आणि तरंगलांबी जितकी कमी तितके जास्त शोषते. त्यामुळे गोऱ्या त्वचेवर उत्तम चालणारा केटीपी किंवा आयपीएल सावळ्या त्वचेवर फोड, काळे डाग किंवा पांढरे चट्टे उमटवू शकतो. अशा त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग तुलनेने सुरक्षित मानतात, पण त्याला ऊर्जा जास्त लागते, आणि ती जरा चुकली तर त्वचेला खड्डा पडू शकतो. माझ्यासारख्या रंगाच्या किती जणांवर तुम्ही हे यंत्र वापरले आहे, हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा. मी विचारला तेव्हा त्यांनी राग न मानता फोटो दाखवले आणि आधी कानाजवळच्या एका लहान जागेवर चाचणी घेतली. काही आठवडे थांबून तेथे डाग पडत नाही हे पाहिल्यावरच नाकाकडे वळले.

त्याआधी मात्र त्यांनी एक असा प्रश्न विचारला जो प्रत्येक चेहऱ्याच्या बाबतीत विचारला गेला पाहिजे: चेहऱ्याला कोणते मलम लावता? स्टेरॉइड असलेली मलमे चेहऱ्यावर महिनोनमहिने लावली की त्वचा पातळ होते आणि तिच्यातून रक्तवाहिन्या दिसू लागतात. उजळपणासाठी विकल्या जाणाऱ्या मिश्र मलमांत असे स्टेरॉइड असू शकते आणि लावणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. ते मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्याशिवाय लेसरवर पैसा घालणे व्यर्थ आहे. तसेच गाल आणि नाक वारंवार लाल होत असेल, पुटकुळ्या येत असतील, तर तो रोझेशिया असू शकतो. लेसरने रेषा जातात, मूळ आजार राहतो आणि त्यावर स्वतंत्र औषध घ्यावे लागते.

प्रत्यक्ष लेसरच्या वेळी डोळ्यांवर धातूच्या वाट्या बसवून पट्टीने घट्ट केल्या. प्रत्येक झटक्याला तीव्र चटका बसतो, आणि नाकाच्या कडेला तो डोळ्यांत पाणी आणतो. गालावरची रेषा झटक्यासरशी करडी होऊन नाहीशी झाली. नाकपुडीच्या खोबणीतली रेषा मात्र चिवट निघाली. तेथील शिरा थोड्या जाड असतात आणि त्यांतले रक्त वेगाने वाहते, त्यामुळे पुन्हा पुन्हा उपचार लागतो. एकाच बैठकीत त्याच जागी झटक्यांवर झटके देण्याचा मोह डॉक्टरांनी टाळला, कारण नाकपुडीवर त्यानेच चिरेसारखा व्रण राहू शकतो. गालांबाबत मी पूर्ण समाधानी आहे. नाकाच्या कडेच्या रेषा पुष्कळ कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत.

छातीवरचा ठिपका हा या सगळ्यातला सर्वांत लहान भाग होता, पण डॉक्टरांचे कसब मला तेथेच अधिक दिसले. मध्ये लाल टिंब आणि त्यातून चहूकडे निघालेले बारीक पाय, अशी त्याची ठेवण होती. त्यांनी त्यावर काचेची पट्टी दाबली, ठिपका पूर्ण पांढरा झाला. दाब सोडताच रक्त आधी मधल्या टिंबात आले आणि तेथून बाहेर पसरले. धमनीतून निघालेल्या स्पायडर अँजिओमाची ही ओळख आहे. असे एक-दोन ठिपके निरोगी माणसांत आणि लहान मुलांतही असतात. गरोदरपणात येतात आणि प्रसूतीनंतर काही महिन्यांत बहुधा जातात. परंतु ते गळा, छाती आणि हातांवर थोड्या काळात एकाहून अनेक आले, तर यकृताच्या आजाराची शक्यता तपासावी लागते. माझी रक्ततपासणी करून घेतल्यावरच त्यांनी त्या मधल्या टिंबावर लेसर दिला, आणि ते बुजताच भोवतीचे पायही गेले. ओठ, जीभ किंवा बोटांच्या टोकांवर लाल ठिपके असून नाकातून वारंवार रक्त येत असेल, तर आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. तेथे सौंदर्योपचाराच्या आधी वैद्यकीय तपासणी हवी.

हाताच्या पाठीवर उठून दिसणाऱ्या जाड निळ्या शिरांबद्दलही मी विचारले होते. त्या स्पायडर व्हेन्स नसतात. त्वचेखालची चरबी वयाबरोबर कमी झाली की निरोगी शिरा दिसू लागतात, आणि पुढे कधी सलाईन लावायचे झाले तर त्याच शिरा उपयोगी पडतात. डॉक्टरांनी उपचार नाकारला. केला असता तर त्यांना पैसे मिळाले असते, म्हणून हा नकार नोंदवण्याजोगा आहे.

उपचारानंतरच्या काळजीबद्दल सूचना छापील मिळाल्या. पायांना औषध टोचल्यावर लगेच स्टॉकिंग्ज चढवून मला चालायला लावले. चालण्याने खोल शिरांतला प्रवाह वेगवान राहतो आणि चुकून तेथे पोहोचलेले औषध वाहून जाते. स्टॉकिंग्ज २० ते ३० मिलिमीटर पारा इतक्या दाबाचे होते. ते किती दिवस घालावेत याबाबत डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. काही थोडेच दिवस सांगतात, काही तीन आठवड्यांपर्यंत. उकाड्यात ते घालणे कष्टाचे आहे हे खरे असले तरी माप बरोबर असेल तर रुतत नाहीत, म्हणून घोटा, पोटरी आणि मांडी टेपने मोजूनच घ्यावेत. सुरुवातीचे काही दिवस जोराचा व्यायाम, फार गरम पाण्याची आंघोळ आणि लांबचा बैठा प्रवास टाळावा लागतो. उन्हापासूनचे संरक्षण मात्र पाय आणि चेहरा दोन्हींसाठी अटळ आहे. उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर लेसर देऊच नये आणि दिल्यानंतर उन्हात फिरू नये. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, दम लागला किंवा दृष्टी बिघडली, तर थेट रुग्णालय गाठावे, हे त्या पानावर ठळक अक्षरांत होते. गर्भवती स्त्रियांवर हा उपचार करत नाहीत. गरोदरपणातल्या पुष्कळशा रेषा प्रसूतीनंतर काही महिन्यांत आपोआप कमी होतात, म्हणून तोवर थांबणेच श्रेयस्कर.

केंद्राने विक्रीसाठी ठेवलेल्या क्रीमबद्दल एक आक्षेप नोंदवते. व्हिटॅमिन के आणि वनस्पतींच्या अर्कांची ती क्रीम शिरा कमी करतात, असा मजकूर त्यांच्या फलकावर होता. वरून लावलेल्या मलमाने आधीच रुंदावलेली शीर बंद होत नाही, आणि मी विचारल्यावर डॉक्टरांनी हे मान्यही केले. मग तो फलक तेथे का असावा? इतक्या काटेकोर तपासणीच्या सेवेला तो शोभत नाही. रेषा झाकायच्या असतील तर हिरवट छटेचे कन्सीलर चेहऱ्यावर चांगले काम करते, आणि ते झाकतेच, त्याहून अधिक काही करण्याचा दावा त्याच्या डबीवर नसतो.

या उपचाराने अंगातली प्रवृत्ती बदलत नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. बंद झालेली शीर बहुधा परत उघडत नाही, पण आनुवंशिकता, हार्मोन्स, वय आणि उभ्याचे काम जिथल्या तिथे असते, म्हणून काही वर्षांत दुसरीकडे नव्या रेषा येऊ शकतात आणि अधूनमधून एखादे सत्र पुन्हा घ्यावे लागते. माझ्या दुसऱ्या मांडीवर तशी एक रेषा आता दिसू लागली आहे. डॉक्टरांनी ती पाहून, त्रास नसेल तर पुढच्या तपासणीपर्यंत तिला हात लावायचे कारण नाही, असे लिहून दिले आहे.